पासष्ट येन कमी

सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा कॅश काउंटरवर. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय इतकी भिनली आहे, की निवृत्तीनंतरही रोज रात्री घरखर्चाची वही जुळवल्याशिवाय मला झोप लागत नाही. एवढं असूनही परदेशात पैसे कसे न्यायचे, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या बँकेत परकीय चलनाचं कामच नव्हतं. कुणी डॉलरबिलर घेऊन आलंच, तर आम्ही त्याला समोरच्या मोठ्या बँकेचा रस्ता दाखवायचो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी आणि माझ्या नणंदबाई जपानला जाऊन आलो. वन्संचा मुलगा ओसाकाला नोकरी करतो. दसरा झाला की निघायचं आणि दिवाळीच्या आत परतायचं, असा बारा दिवसांचा बेत. तिकिटं त्याने काढली, व्हिसाची कागदपत्रं त्यानेच जमवली. पैशाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. “तू बँकेतली,” वन्सं म्हणाल्या आणि विषय संपला.

भाच्याने फोनवर आधीच बजावलं होतं, “मामी, जपान म्हणजे सगळं यंत्रावर चालत असेल असं धरून येऊ नकोस. इथे अजून रोख लागते. देवळात, बसमध्ये, छोट्या हॉटेलात.” मग म्हणाला, “आणि एकाच कार्डावर येऊ नकोस.” हे दुसरं वाक्य मी नीट ऐकलं असतं, तर पुढचं लिहायला मजकूर कमी पडला असता.

वन्संच्या सासरचं कुणीतरी १९७०च्या सुमारास जर्मनीला शिकायला गेलं होतं. खिशात आठ डॉलर, कारण सरकार तेवढेच द्यायचं. ही गोष्ट त्यांच्या घरात पुराणासारखी सांगतात. आता परदेशात पैसे नेण्या-पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना आहे. २००४ साली ती सुरू झाली तेव्हा माणशी २५ हजार डॉलरची मर्यादा होती, आज वर्षाला अडीच लाख डॉलर नेता येतात. शिवाय एका मर्यादेपुढे गेलात तर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापून घेते. आम्ही गेलो तेव्हा ती मर्यादा वर्षाला सात लाख रुपये होती, एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली. आमचा दोघींचा मिळून आकडा सव्वा लाखाच्या आत. त्यामुळे अडीच लाख डॉलरच्या नियमावलीशी आमचा संबंध एवढाच, की ए-टू नावाच्या फॉर्मवर सही करायची आणि पॅन कार्डाची झेरॉक्स जोडायची.

कार्ड कोणतं घ्यायचं हे ठरवायला मी तीन आठवडे घेतले. वन्संना वाटलं मी उगाच ताणते आहे. पण बँकेची माहितीपत्रकं मी स्वतः टेबलावरून वाटलेली आहेत. त्यातली ठळक अक्षरं सोडून द्यायची आणि तळाची बारीक आधी वाचायची, हे मला कुणी शिकवायला नको.

तेव्हा बाजारात एक येन साधारण ५६ पैशांना होता. माझं नेहमीचं क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं, तर मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचं बँकेचं शुल्क, साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे शंभर रुपयांच्या खरेदीला ४ रुपये १३ पैसे जास्त. ठीक, जीव जाणार नाही. पण त्याच कार्डाने एटीएममधून रोख काढली, तर रोख उचलीचं शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. ते बाद. डेबिट कार्डाचं गणित मी वहीत मांडलं. ३०,००० येन काढायचे, म्हणजे १६,८०० रुपये. त्यावर साडेतीन टक्क्यांनी ५८८, त्यावर जीएसटी १०६, आपल्या बँकेचं परदेशी एटीएमचं शुल्क जीएसटी धरून साधारण १४८, आणि तिथल्या एटीएमवाल्याचे २२० येन म्हणजे आपले १२३. झाले ९६५ रुपये. पावणेसहा टक्के! थोडे थोडे काढायला गेलं, तर टक्केवारी आणखी चढते, कारण यातलं पाव भागाहून जास्त शुल्क रकमेवर नसून फेरीवर असतं.

मग फॉरेक्स कार्ड. यात आधीच येन भरून ठेवायचे. भरतानाचा दर ५७ पैसे ४० शतांश मिळाला, म्हणजे बाजारापेक्षा अडीच टक्के महाग, पण नंतर खरेदीला मार्कअप नाही. फक्त एक विचारून घ्यावं लागतं: कार्डात येनचा कप्पा आहे का? काही कार्डांत डॉलर, युरो, पौंड असे ठरावीकच कप्पे असतात. डॉलर भरून जपानात खर्च केला, तर डॉलरचे येन करताना पुन्हा साडेतीन टक्क्यांपर्यंत कापतात. मी ज्या काउंटरवर विचारलं तिथल्या मुलीने “मॅडम, मल्टिकरन्सी आहे” एवढंच तीनदा सांगितलं. चौथ्यांदा विचारल्यावर यादी उघडली. येन होता, थाई बाट नव्हता. हा बाट पुढे बँकॉकच्या विमानतळावर आडवा आलाच. सात तास थांबायचं होतं, वन्संनी पाण्याची बाटली घेतली आणि माझ्या येनच्या कप्प्यातून बाटचं रूपांतर होऊन पैसे गेले. रक्कम चिल्लर, पण वहीत लिहिताना जीव चडफडला.

मुदत ठेवीवर मिळणारं, अजिबात मार्कअप नसलेलं क्रेडिट कार्डही असतं, हे मला निघायच्या अठरा दिवस आधी कळलं. ठेव ठेवली, अर्ज केला. कार्ड आलं, पण आम्ही बँकॉकमध्ये असताना. शेजारच्या काकूंनी सही करून घेतलं आणि पाकिटाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, “काळजी नसावी.”

रोख येन घ्यायला आम्ही साताऱ्याहून पुण्याला गेलो. साताऱ्यात डॉलर मिळतात, येन मागवावे लागतात. डेक्कनवरच्या दुकानात दर होता ५८ पैसे. वन्संनी पिशवीतून पाचशेच्या नोटांची पुडकी काढली आणि काचेखालून सरकवली. काउंटरवरच्या माणसाने हात मागे घेतला. रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली, तर तो रोख घेऊ शकत नाही, सगळे पैसे चेकने किंवा खात्यातून. मला हा नियम माहीत होता म्हणून मी चेकबुक आणलं होतं. पण वन्संनी घरून रोकड घेतली आहे हेच मला माहीत नव्हतं! १,०३,००० येनचे ५९,७४० झाले. जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो, लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के, म्हणून १०८. एकूण ५९,८४८. त्याने दिलेल्या नोटा मी तिथेच, उभ्याने, दोनदा मोजल्या. दहा हजारांच्या नोटांवर नवा चेहरा होता. शिबुसावा एइइची, जपानच्या पहिल्या आधुनिक बँकेचा संस्थापक. जुलै २०२४ मध्ये या नोटा आल्या होत्या. नोटेवर बँकवाला बघून मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

मुंबई विमानतळावर निघतानाच्या रात्री चलनाच्या काउंटरवर फलक होता: येन ६४ पैसे. वन्सं म्हणाल्या, “अजून थोडे घेऊन ठेवू या का गं?” मी त्यांचा दंड धरून पुढे नेलं.

ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरल्यावर पहिली गोष्ट घेतली ती इकोका कार्डं. आपल्या मेट्रोच्या कार्डासारखं, पण ट्रेन, बस, रस्त्यावरचं पेयाचं मशीन, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे चालणारं. किंमत २,००० येन, त्यातले ५०० अनामत आणि १,५०० वापरायला. आणि ते घ्यायला, नंतर भरायलाही, मशीनला नोटच लागते. आयफोनवाली जपानी मुलं फोन टेकवून जातात. आमच्यासारख्यांनी मात्र हजाराची नोट मशीनच्या तोंडात द्यायची.

जपानी काउंटरवर पैसे हातात देत नाहीत. छोटा ट्रे असतो, त्यात ठेवायचे. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मुलीने माझी पाच हजारांची नोट उचलली, मोठ्याने आकडा म्हटला, मग परत द्यायच्या हजाराच्या नोटा माझ्यासमोर पंख्यासारख्या पसरून एक-दोन-तीन मोजल्या. सगळे चेहरे एका बाजूला. मग नाणी, पावतीवर ठेवून. मी तिथे गिऱ्हाईक म्हणून उभी होते की तपासनीस म्हणून, ते माझं मलाच कळेना. आमच्या शाखेत नव्या मुलांना नोटा एकाच बाजूने लावायला शिकवताना माझी अर्धी नोकरी गेली.

नाण्यांनी मात्र फसवलं. आपल्याकडे नाणं म्हणजे चिल्लर, डब्यात टाकायची. तिथे पाचशेचं नाणं आहे, म्हणजे आपले २८० रुपये. तिसऱ्या दिवशी पर्स जड लागली म्हणून उलटी केली, तर आत तीन हजारांवर येन नाण्यांत. एक येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, बरोबर एक ग्रॅम, फुंकर मारली तर उडेल असं. पन्नास आणि पाचच्या नाण्यांना मधे भोक. पाचच्या नाण्यावर आपल्याला ओळखू येईल असा आकडा लिहिलेलाच नाही, सगळं जपानी लिपीत. वन्संनी ते लगेच लक्षात ठेवलं, “पिवळं, भोकाचं, आकडा नसलेलं ते पाच.” भाच्याने सांगितलं, पाच येनला तिथे ‘गोएन’ म्हणतात, आणि ‘गोएन’ म्हणजे ऋणानुबंधही. म्हणून देवाच्या पेटीत लोक पाचचंच नाणं टाकतात. ही माहिती वन्संनी किती मनावर घेतली होती ते मला फार उशिरा कळलं.

रोज रात्री मी हिशेब लिहायची. आणि रोज रात्री पाच-दहा येनचा फरक यायचा. कधी पाच कमी, कधी दहा, एकदा पंधरा. जास्त कधीच नाही. मी पुन्हा पुन्हा पावत्या लावायची. क्योटोच्या बसमध्ये २३० येन सुटे टाकायचे असतात, हजाराची नोट आधी बसमधल्याच यंत्रात मोडून घ्यायची, तिथे काही चुकलं असेल असं म्हणून सोडून द्यायची.

आता कोयासान.

कूकाई नावाच्या भिक्षूने ८१६ साली डोंगरावर वसवलेलं हे मंदिरांचं गाव. तिथे देवळातच राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. संध्याकाळचं आणि सकाळचं जेवण देवळाचं, पूर्ण शाकाहारी. त्यात कांदा-लसूणही नाही. दोघींचे मिळून ३२,००० येन, आणि बुकिंगच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं: फक्त रोख. मी पहिल्याच दिवशी ३२,००० मोजून एका पाकिटात घातले आणि वर ‘कोयासान’ लिहून ठेवलं. बँकेत याला आम्ही मार्जिन बाजूला काढणं म्हणायचो.

आदल्या दिवशी, २१ तारखेला, क्योटोच्या तोजी देवळात बाजार होता. दर महिन्याच्या २१ला भरतो, त्याच कूकाईच्या नावाने. जुने किमोनो, चिनी मातीची भांडी, लोखंडी किटल्या, लोणची. सगळं रोख. वन्संनी एक जरीचा ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचा पट्टा, घेतला सहा हजारांना आणि चार निळ्या बशा साडेचार हजारांना. मला एका म्हाताऱ्याच्या चादरीवर सोरोबान दिसला, जपानी मणीपाटी. मणी इतके वापरलेले की काळे पडून चमकत होते. अडीच हजार. झाले तेरा हजार आणि ते पाकिटातून गेले, कारण पर्समध्ये आधीच दोन-अडीच हजार उरले होते. मी मनाशी म्हटलं, उद्या निघताना कार्डावरून काढू. दुसऱ्या दिवशी ओसाकाच्या नांबा स्टेशनवर एटीएम होतं. पण गाडी चार मिनिटांत होती आणि आम्ही पळालो.

डोंगरावर पोचेपर्यंत तीन वाजून गेले. सामान देवळात टाकलं आणि मी पोस्टात गेले. जपानच्या पोस्टातली एटीएम परदेशी कार्डं घेतात, पडद्यावर इंग्रजीही येतं. फॉरेक्स कार्ड घातलं, रक्कम टाकली, पिन टाकला. चुकीचा पिन. पुन्हा टाकला. चुकीचा.

आठवडाभर मी ते कार्ड नुसतं टेकवून वापरत होते. छोट्या रकमेला टेकवलं की काम होतं, पिन कुणी विचारत नाही. साताऱ्यात पिन लावल्यापासून बोटांनी तो एकदाही दाबला नव्हता. घरच्या तीन कार्डांचे तीन पिन मी ओळीने आठवले, डोळे मिटून साताऱ्याच्या एटीएमसमोर उभी राहिल्यासारखं केलं, आणि तिसऱ्यांदा टाकला. कार्ड बाहेर आलं. पडद्यावर आलं, आपल्या बँकेशी संपर्क साधा.

तीनदा चुकलं की कार्ड बंद. हे वाक्य मी स्वतः काउंटरवरून किती लोकांना, किती शहाणपणाच्या सुरात ऐकवलं असेल!

माझं दुसरं कार्ड माझ्या जुन्या बँकेचं, देशाबाहेर चालतच नाही. राहिलं वन्संचं डेबिट कार्ड. ते घातलं, तर व्यवहार नाकारला. थोड्या वेळाने डोक्यात प्रकाश पडला. रिझर्व्ह बँकेने २०२० साली नियम केला, की नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठीच चालू असेल, परदेशातला वापर ज्याचा त्याने चालू करून घ्यायचा. चांगला नियम आहे. माझ्या कार्डावर मी तो वापर निघण्याआधीच चालू केला होता. वन्संच्या कार्डाचं माझ्या यादीत होतं, पण खूण करायची राहिली होती. ॲपमधून आत्ता चालू करू म्हटलं, तर ओटीपी जाणार वन्संच्या भारतातल्या नंबरवर. आणि ते सिम? भाच्याने पहिल्या दिवशी फोनमधून काढून तिथलं सिम घातलं होतं. मग वन्संनी ते हरवू नये म्हणून हळदीकुंकवाच्या चांदीच्या करंड्यात ठेवलं. करंडा ओसाकात, भाच्याच्या फ्रिजवर.

बँकेला फोन करावा म्हटलं, तर माझ्याकडे लिहिलेला नंबर १८०० वाला. तो भारताबाहेरून लागत नाही. परदेशातून लावायचा नंबर कार्डाच्या मागे असतो, बारीक अक्षरांत. चष्मा देवळातल्या खोलीत. तोवर पोस्टाचं दार बंद झालं.

पाकिटात १९,०००. पर्समध्ये नाणी धरून २,६४०.

देवळात परत आलो. जेवणाची ताटं खोलीत मांडलेली. तिळाचं मऊ टोफू, ज्याला या गावाचंच नाव आहे ते गोठवून वाळवलेलं कोया-दोफू, मुळ्याचं लोणचं, भात, सूप. वन्सं म्हणाल्या, “एकादशीला इतकं मिळालं तर वर्षभर उपास करीन.” मला घास उतरेना. तरुण भिक्षू ताटं न्यायला आला तेव्हा मी त्याच्यासमोर पाकीट उघडून दाखवलं, कार्ड दाखवलं, हातवारे केले. त्याने फोनचं भाषांतराचं ॲप पुढे केलं. मी मराठीत सगळं सांगितलं. काय भाषांतर झालं देव जाणे, पण तो हसला आणि दोन्ही हात हलवत म्हणाला, “आशिता, आशिता.” उद्या, उद्या.

रात्री कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन लागला. मिनिटाला किती पडले ते वहीत आहे, इथे नको. त्या मुलाने सांगितलं, पिन तीनदा चुकल्याने कार्ड त्या तारखेपुरतं बंद आहे, तारीख बदलली की चालू होईल. आमच्याकडेही असंच होतं. प्रत्येक बँकेत असंच असेल असं नाही, काही ठिकाणी पिन नव्याने लावावा लागतो. मी विचारलं, तारीख कुठली, जपानची की भारताची? त्याने दोन क्षण घेतले आणि म्हणाला, “इंडियाची, मॅडम.” जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. म्हणजे तिथले पहाटेचे साडेतीन. मी खरंच साडेतीनला जागी होते. बाहेर कडाक्याची थंडी, लाकडी जमीन करकरत होती. वन्सं शांत झोपल्या होत्या. पिन मला पावणेपाचला आठवला. नोकरीतला मस्टर नंबर मी उलटा करून लावला होता, सुरक्षित असावा म्हणून.

सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही आधी ओकुनोइनला गेलो. उंच देवदारांखाली दोन लाखांवर समाध्या आहेत. दगडावर दगड रचलेल्या पाच टप्प्यांच्या समाध्यांवर अक्षरं कोरलेली, सिद्धम लिपीत, म्हणजे थेट संस्कृत. वरून खाली: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. वन्सं चाळीस वर्षं संस्कृत शिकवत होत्या. शेवाळ बाजूला करून त्या एकेका अक्षरावर बोट फिरवत बसल्या. मी घड्याळ बघत होते. मला तिथलं निम्मंसुद्धा नीट आठवत नाही, याचा राग अजून जात नाही.

पोस्टात कार्ड चाललं. ३०,००० येन बाहेर आले, तेही एका बाजूला लावलेले. देवळात जाऊन ट्रेमध्ये ३२,००० ठेवले. भिक्षूने मोजले, वाकला, मीही वाकले.

ओसाकात परतल्यावर पहिलं काम करंड्यातून सिम काढणं. जुन्या फोनमध्ये घालून फक्त एसएमएस येण्यापुरतं रोमिंग चालू केलं, वन्संचं कार्ड परदेशासाठी उघडलं, रोजची मर्यादा पंचवीस हजार रुपये ठेवली. आणि कार्डं वाटून टाकली. एक माझ्या पर्समध्ये, एक वन्संच्या पोटपिशवीत, दहा हजारांची एक नोट माझ्या औषधांच्या डबीत.

वन्संना मग ते कार्ड वापरून बघायचंच होतं. नांबाजवळ दोगुयासुजी नावाची गल्ली आहे, सगळी स्वयंपाकघराच्या सामानाची. ओसाकाला लागूनच असलेल्या साकाईच्या सुऱ्या प्रसिद्ध. वन्संनी भाजीची चौकोनी सुरी निवडली. दुकानदाराने कागद हवेत धरला आणि सुरी नुसती खाली आणली. कागदाचे दोन तुकडे. किंमत १३,००० येन, पासपोर्ट दाखवल्यावर दहा टक्के कर माफ. कार्ड घातलं तसं त्याने मशीन आमच्याकडे वळवलं. पडद्यावर दोन चौकोन: ‘१३,००० येन’ आणि ‘७,८६२ रुपये’. वन्संचं बोट रुपयांकडे निघालं.

“थांबा!”

“अगं, रुपये दिसतायत. बरं वाटतं.”

बरं वाटतं खरं. पण तो दर दुकानाच्या बँकेने लावलेला असतो, येनला साठ पैशांच्या वर. येन निवडला, तर आपल्या कार्डाचा दर लागतो. साडेतीन टक्के आणि वरचा जीएसटी धरूनही ७,६०० च्या आत बसणार होतं. वर काही भारतीय बँका, परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहाराला वेगळा एक टक्का लावतात. मी येनवर बोट ठेवलं. नंतर वन्संच्या खात्यावर ७,५९० पडले. फरक २७२ रुपयांचा. विमानात ती सुरी हातातल्या पिशवीत चालत नाही, हे मात्र विमानतळावर नाही, तर सुदैवाने आदल्या रात्री आठवलं.

क्यूआर कोडचं तर सांगायचंच राहिलं. वन्सं साताऱ्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा यूपीआयने घेतात. ओसाकात दर दुकानात लाल-पांढरा क्यूआर दिसला की त्यांचा फोन बाहेर यायचा. तो तिथल्याच पेपे नावाच्या ॲपचा. आपला फोन त्याच्यापुढे नुसता ओशाळून उभा. बारा दिवसांत त्यांनी सहा वेळा प्रयत्न केला, दरवेळी तितक्याच उमेदीने.

परतताना कान्साई विमानतळावर इकोका परत केली. शिल्लक असेल तर २२० येन कापतात, म्हणून आधी पेयाच्या मशीनवर शिल्लक चाळीसपर्यंत उतरवली. अनामतीचे प्रत्येकी पाचशे परत मिळाले. नाणी भारतात कुणी बदलून घेत नाही. विमानतळावरच्या दुकानात बिलाचं यंत्र होतं. वर खळगा, त्यात नाणी ओतायची, ते स्वतः मोजतं. मी पर्स उलटी केली. खडखडाट झाला, आकडा भराभर वर गेला आणि खाली फक्त उरलेले सतरा येन घरंगळत आले. माझ्या काउंटरला हे यंत्र असतं, तर माझी पाठ आज इतकी दुखली नसती.

घरी आल्यावर फॉरेक्स कार्डातले उरलेले ११,००० येन परत करून टाकले, दर ५३ पैसे. १८० दिवसांच्या आत करायचं असतं. सात हजारांच्या नोटा ठेवल्या. दोन हजार डॉलरपर्यंतचं चलन जवळ ठेवायला हरकत नाही आणि भाचा पुन्हा बोलावतोच आहे.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री मी वही पूर्ण लावली. नोटा, नाणी, दोन्ही कार्डांचे उतारे, पावत्या, सगळं जमिनीवर मांडून. सोरोबानवर एकदा, कॅल्क्युलेटरवर एकदा. पासष्ट येन कमी. म्हणजे छत्तीस रुपये, पण रक्कम हा मुद्दाच नव्हता. वन्सं समोर चकलीचं पीठ मळत होत्या. मी तिसऱ्यांदा बेरीज करायला घेतली तेव्हा म्हणाल्या, “किती येतायत कमी?”

“पासष्ट.”

त्यांनी हात थांबवला, बोटांवर काहीतरी मोजलं.

“बरोबर आहे. तेरा देवळं झाली. पाच-पाच.”

“वन्सं! मग सांगायचं नाही का? मी बारा रात्री शोधतेय.”

“देवाला दिलेलं लिहायचं नसतं गं,” त्या म्हणाल्या आणि पिठाला तेल लावू लागल्या.